आस तापतो तेव्हा

उन्हाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक मुलगा राहतो. आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. एके रात्री साडेनऊच्या सुमारास तो वर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू होती. "सर, हे बघा ना जरा," म्हणत त्याने पुडके टेबलावर ठेवले. उघडून पाहतो तो काय, एक जळलेले बेअरिंग! कड्या निळसर-तपकिरी पडलेल्या आणि ग्रीसचा पार कोळसा झालेला.

हकीकत अशी. कारखान्यात रंगाची भुकटी वाळवण्यासाठी गरम हवेचा एक मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, बसवलेला होता. दीड महिन्यात त्याची बेअरिंगे तीनदा जळाली. दर वेळी पाळी थांबली, माल अडकला. वंगण घालण्याचे काम या मुलाकडे, तेव्हा ठपकाही त्याच्यावरच. पहिल्यांदा जळाले तेव्हा "ग्रीस कमी घातलंस" असे सांगण्यात आले. म्हणून दुसऱ्या खेपेला त्याने भरपूर घातले, तर बेअरिंग आणखी लवकर जळाले. (तसे ते व्हायचेच. दाबून भरलेले ग्रीस घुसळले जाते आणि घुसळण्यानेच तापते.) तिसऱ्या खेपेनंतर मात्र साहेबांनी सरळ सांगितले की, यापुढे नुकसान पगारातून कापले जाईल.

मी वर्गात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. ग्रीस किती घालावे ते मला काय ठाऊक! पण तो जे पुढे बोलला त्याने माझे कान टवकारले. "सर, चालू केल्यावर अर्धा-पाऊण तास बेअरिंग अगदी थंड असतं. हवा तापली, की मगच ते तापायला लागतं."

मित्रहो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. या एका वाक्यात सारे रहस्य दडलेले आहे. पण ते उलगडण्याआधी बेअरिंग म्हणजे काय ते पाहू.

सायकलचे चाक दुरुस्तीला उघडलेले तुम्ही पाहिले असेल. आसाभोवती बारीक पोलादी छर्रे बसवलेले असतात. घासत फिरण्यापेक्षा गडगडत फिरणे फार सोपे, म्हणून हे छर्रे. कारखान्यातले बेअरिंग हे त्याचेच थोरले भावंड. एक आतली कडी, ती आसावर घट्ट बसते. एक बाहेरची कडी, ती बेअरिंगच्या घरात बसते. या घराला इंग्रजीवरून हाउसिंग म्हणतात, आणि जमिनीवर बोल्टांनी आवळलेले घर असेल तर कामगार त्याला प्लमर ब्लॉक म्हणतात. दोन कड्यांच्या मध्ये छर्रे किंवा लहान लाटण्यासारखे रोलर. आतली कडी आसाबरोबर फिरते, बाहेरची स्थिर राहते. बेअरिंग आसाचे वजन तोलते. ब्लोअरच्या आसाला अशी दोन बेअरिंगे होती, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोहोंतले अंतर ८०० मिलिमीटर.

आता तुमच्या पाठ्यपुस्तकातला तो जुना नियम आठवा. धातू तापला की प्रसरण पावतो. किती? पोलादाची १ मीटर लांबीची कांब १ अंश सेल्सिअसने तापवली, तर तिची लांबी साधारण १२ मायक्रॉनने वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज बांधा. १२ मायक्रॉन म्हणजे अगदीच क्षुल्लक, नाही का?

त्या मुलाला मी विचारले, "सकाळी यंत्र बंद असताना सगळंच कारखान्याच्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांच्या आसपास असेल. चालू झाल्यावर आस किती तापतो?" त्याने सांगितले, "सर, मामांनी मोजलं होतं. ११५." मामा म्हणजे तिथले जुने फिटर. "आणि ज्या लोखंडी चौकटीवर प्लमर ब्लॉक आवळलेत, ती?" "तिला हात लावता येतो. ४० असेल."

आम्ही हिशेब मांडला. आसाचे तापमान ८५ अंशांनी वाढले. ८०० मिलिमीटर पोलादी आस त्यामुळे ०.८१६ मिलिमीटरने वाढणार. चौकट वाढली १० अंशांनीच. तिची तेवढीच लांबी वाढणार ०.०९६ मिलिमीटरने. दोहोंतला फरक ०.७२ मिलिमीटर. चौकटही ११५ अंशांपर्यंत तापली असती, तर काही बिघडले नसते. दोघेही सारखेच वाढले असते आणि बेअरिंगांना पत्ताही लागला नसता. म्हणजे गुन्हेगार उष्णता नव्हे, तर दोघांच्या वाढीतला फरक. हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण आजच्या लेखाचा सारा मथितार्थ त्यातच आहे.

पाऊण मिलिमीटर म्हणजे आगपेटीतल्या काडीच्या निम्म्याहून कमी जाडी. त्याने काय होते? बेअरिंगच्या आतली कडी बाहेरच्या कडीच्या मानाने आडवी फार तर एक-दोन दशांश मिलिमीटर सरकू शकते. त्यापुढे रोलर अडकतात. आणि समजा, आसाची दोन्ही टोके मुळीच न हलणाऱ्या भिंतींमध्ये पकडली, तर तो भिंतींना किती जोराने रेटेल? आसाचा व्यास ६० मिलिमीटर होता. ७५ अंशांच्या फरकासाठी उत्तर येते जवळजवळ ५० टन! प्रत्यक्षात चौकट थोडी वाकते, घरे थोडी ताणली जातात, म्हणून जोर यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. पण पंख्याचे चार वजन तोलण्यासाठी बसवलेल्या बेअरिंगला त्याचा दहावा हिस्साही भारी पडतो.

इथे मला आपल्या शेजारच्या कल्याणचा पत्री पूल आठवला. हा पूल तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल, विशेषतः तिथल्या वाहतूक कोंडीमुळे! १९१४ साली बांधलेला जुना पूल २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये उतरवण्यात आला आणि नवा पूल २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. रेल्वेमार्गांवरून जाणारी त्याची पोलादी तुळई सुमारे ७६ मीटर लांब आहे. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पोलादाच्या तापमानात ३५ अंशांचा फरक पडतो असे धरले, तर ७६ मीटरची तुळई जवळजवळ ३२ मिलिमीटरने लांबते. आपल्या ब्लोअरच्या आसाहून ही गोष्ट कितीतरी मोठी. पण पुलाखाली पाण्याचे खांब असोत की रेल्वेचे रूळ, ही लांबी सामावून घेण्याची युक्ती स्थापत्य अभियंत्यांनी फार पूर्वीच शोधून ठेवली आहे. तुळईचे एक टोक आधारावर पक्के बसवायचे आणि दुसरे सरकते ठेवायचे. पूर्वी सरकत्या टोकाखाली लोखंडी रोलर घालत. हल्ली रबराचे थर किंवा टेफ्लॉनची गुळगुळीत पाटीही वापरतात. गंमत म्हणजे पुलाखालच्या या आधारालाही अभियंते बेअरिंगच म्हणतात. रस्त्याने जाताना पुलाच्या टोकाशी बसला जो ठक् असा धक्का बसतो, तो तुळईला वाढायला ठेवलेल्या फटीचा.

(तुमच्यापैकी एखादा चौकस वाचक विचारील की, रुळांमध्ये अशा फटी आता का दिसत नाहीत? रूळ वितळजोडाने एकसंध केले जातात आणि स्लीपर व खडी यांच्या पकडीने त्यांना जागच्या जागी डांबून ठेवतात. वाढू दिले जात नाही, म्हणून उन्हात रुळांत प्रचंड दाब साठतो, आणि त्यासाठी उन्हाळ्यात मार्गाची खास निगराणी करावी लागते. शेकडो टन खडी दिमतीला असेल तर ही चैन परवडते. बेअरिंगला ती नाही.)

तर पुलाची युक्ती ती आसाचीही. दोन बेअरिंगांपैकी एक पक्के आणि एक मोकळे. पक्के बेअरिंग आसाला आडवे सरकू देत नाही, त्याची जागा ठरवते. मोकळे बेअरिंग वजन तेवढे तोलते, पण आस लांबला की त्याच्याबरोबर आपल्या घरात चुपचाप सरकते. प्लमर ब्लॉकमध्ये ही सोय मुद्दाम केलेली असते. घरातली खाच बेअरिंगच्या रुंदीपेक्षा काही मिलिमीटर अधिक रुंद असते. बेअरिंग पक्के करायचे असेल तर उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना कडी भरतात. तिला फिक्सिंग रिंग म्हणतात. मोकळे ठेवायचे असेल तर रिंगा घालायच्याच नाहीत.

मी त्याला विचारले, "रिंगा किती घातल्यात?"

तो म्हणाला, "दोन्हीकडे, सर. खोक्यात चार होत्या, चारी बसवल्या."

चार रिंगा खोक्यात आल्या म्हणून चारी बसवल्या! यात त्या मुलाचा तरी काय दोष? बसवताना तो नव्हताच. जो कोणी होता त्याला वाटले असेल की, दोन्हीकडे घट्ट केले म्हणजे काम भक्कम झाले. भक्कम म्हणजे घट्ट, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली असते.

पण साहेबांना पटवायचे कसे? "सरांनी सांगितले" एवढ्याने भागणार नव्हते. म्हणून आम्ही ते बेअरिंग रॉकेलने स्वच्छ धुतले आणि दिव्याखाली धरले. हे दुहेरी ओळीचे बेअरिंग होते. दोन कड्यांमध्ये पिंपाच्या आकाराच्या रोलरांच्या दोन ओळी शेजारी शेजारी. बाहेरच्या कडीचा आतला पृष्ठभाग गोलाच्या आतल्या बाजूसारखा, त्यामुळे आस किंचित तिरका झाला तरी बेअरिंग निमूटपणे त्याच्याबरोबर तिरके होते. स्वीडनमध्ये आर्विड पामग्रेन या अभियंत्याने १९१९ साली ही रचना केली आणि आज जगभरच्या कारखान्यांत ती ठाण मांडून बसली आहे.

दिव्याखाली काय दिसले? एका ओळीखालचा मार्ग खरवडलेला, सोललेला. दुसऱ्या ओळीखालचा जवळजवळ कोरा! दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या टोकाचे बेअरिंग आणले. तिथेही तेच, पण आरशातल्या प्रतिमेसारखे. दोन्हीकडे बाहेरच्या बाजूची ओळ मार खाल्लेली, आतल्या बाजूची शाबूत. आता विचार करा. ग्रीस कमी पडले असते तर दोन्ही ओळी सारख्याच उपाशी राहिल्या असत्या आणि दोन्ही जळाल्या असत्या. एकच ओळ जळते, आणि तीही दोन्ही टोकांना बाहेरचीच, याचा अर्थ एकच. आतल्या दोन्ही कड्यांना कोणीतरी आतून बाहेर रेटत होते. ते कोणीतरी म्हणजे लांबलेला आस.

दोन्ही बेअरिंगे आणि हिशेबाचा कागद घेऊन तो मामांकडे गेला. मामांनी कागदाकडे पाहिलेच नाही म्हणे. बेअरिंगे हातात फिरवून पाहिली आणि स्वतःच साहेबांकडे घेऊन गेले. पट्ट्याच्या बाजूच्या रिंगा तशाच ठेवल्या, पंख्याच्या बाजूच्या काढल्या. पगार कापला गेला नाही. पहिल्या दोन वेळच्या ठपक्याबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही.

पक्के आणि मोकळे ही जोडी एकदा डोळ्यांत भरली की ती सगळीकडे दिसू लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाचे निम्मे आयुष्य लोकलमध्ये जाते, तेव्हा तिथलेच उदाहरण घेऊ. ज्या डब्याच्या टपावर पेंटोग्राफ असतो, त्याच्या बोगीत विजेच्या मोटारी बसवलेल्या असतात. गाडी सुटताना आपल्या पायाखाली चढत जाणारा जो गुंजारव ऐकू येतो, त्यात या मोटारींचा आणि त्यांच्या दातेरी चक्रांचा आवाज असतो. मोटारीचा आतला फिरता भाग बाहेरच्या कवचापेक्षा जास्त तापतो, कारण कवचाला वारा लागतो. पुन्हा तोच फरक! आस पाऊण मीटर आणि तापमानातला फरक ४० अंश धरला तर ०.३६ मिलिमीटर. अशा मोटारींत सर्वसाधारणपणे दंडगोल रोलरांची बेअरिंगे असतात. एका टोकाच्या बेअरिंगच्या दोन्ही कड्यांना काठ असतात, त्यामुळे रोलर अडतात आणि आसाची जागा पक्की होते. दुसऱ्या टोकाला आतल्या कडीला काठच नसतो. रोलर तिच्यावरून आडवे घसरू शकतात. म्हणजे इथे अख्खे बेअरिंग घरात सरकत नाही, ते स्वतःच्या पोटातच फरक जिरवते. आणि आस फिरत असताना हे घसरणे फारच सुलभ होते. बरणीचे घट्ट बूच सरळ ओढून निघत नाही, पण फिरवत ओढले की निघते, तसेच हे. १९९५ साली एका स्वीडिश कंपनीने असे बेअरिंग बाजारात आणले, की जे आसाचे तिरके होणेही सोसते आणि लांबणेही पोटात घेते. साध्या बेअरिंगचा जन्म होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली तरी या एका प्रश्नावर डोकी खाजवणे चालूच होते, हे त्यावरून दिसते.

आतापर्यंत आपण आडव्या वाढीबद्दल बोललो. पण कडी गोल असते आणि ती चहूकडे वाढते. आतली कडी सामान्यतः बाहेरच्या कडीपेक्षा ५ ते १० अंश अधिक गरम असते, कारण बाहेरची कडी घराला चिकटून थंड होत राहते. ६० मिलिमीटर भोकाचे नेहमीचे छर्ऱ्यांचे बेअरिंग घ्या, कारखान्यात ज्याला ६२१२ नंबर म्हणतात ते. १० अंशांच्या फरकाने त्यातली पोकळी सुमारे १० मायक्रॉनने कमी होते. नव्या बेअरिंगमध्ये मुळात पोकळी किती? ८ ते २८ मायक्रॉन. त्यातली काही ते आसावर ठोकून बसवतानाच खर्च झालेली असते. म्हणजे १० मायक्रॉन ही काही लहानसहान रक्कम नव्हे! म्हणून गरम जागेसाठी जास्त पोकळीचे बेअरिंग मिळते. त्याच्या नंबरापुढे सी ३ अशी खूण असते आणि पोकळी २३ ते ४३ मायक्रॉन असते. दुकानात ही खूण न पाहता "६२१२ द्या" म्हणणारा माणूस अर्धाच नंबर सांगतो.

धातूच वेगवेगळे असतील तर आणखी गंमत. मोटारसायकलच्या इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे असते, बेअरिंग पोलादाचे. अॅल्युमिनियम एका मीटरला, एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. ५२ मिलिमीटर व्यासाचे बेअरिंग अॅल्युमिनियमच्या घरात बसवले आणि दोन्ही ८० अंशांनी तापले, तर घर बेअरिंगपेक्षा ४६ मायक्रॉन मोठे होते. थंडपणी घट्ट बसलेली कडी गरमपणी सैल होऊन घरात गरगर फिरू लागते आणि मऊ अॅल्युमिनियम खाऊन टाकते. उपाय दोन. एक तर थंडपणी बसवतानाच ती जास्त आवळून बसवायची, किंवा अॅल्युमिनियमच्या घरात ओतीव लोखंडाचा वा पोलादाचा वाळा आधीच बसवून बेअरिंग त्या वाळ्यात ठेवायचे. मग बेअरिंग आणि त्याचा शेजारी एकाच चालीने वाढतात.

गॅरेजमधला मेकॅनिक याच फरकाचा फायदा कसा घेतो, पाहिले आहे का? कवचातले बेअरिंग हातोडीने निघत नाही. तो कवच चांगले तापवतो आणि उलटे करून लाकडी ठोकळ्यावर आपटतो. बेअरिंग आपसूक खाली पडते. त्याने प्रसरणांक हा शब्द ऐकलेला नसेल, पण त्याचा वापर तो आपल्यापेक्षा सफाईने करतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार तरी दुसरे काय करीत असे? लोखंडी धाव विस्तवात लाल करायची, लाकडी चाकावर घालायची आणि वर पाणी ओतायचे.

आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्यांमध्ये आपण फरकाला वाट करून दिली. पण वाट देणे परवडतच नाही अशीही यंत्रे असतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवणाऱ्या एखाद्या कामगाराला विचारा. लेथचा मुख्य आस, ज्याला स्पिंडल म्हणतात, तो पुढेमागे किंवा वरखाली जरासाही हलता कामा नये. तो हलला की कातलेली वस्तू चुकलीच. तिथे सैल ठेवायचे नाही. तापल्यावर आवळूही द्यायचे नाही. मग करायचे काय?

यासाठी एक फार सुंदर कल्पना आहे, आणि ती समजायला तुमची नववी-दहावीची भूमिती पुरते. दोन प्रसरणे एकमेकांविरुद्ध लावून द्यायची, म्हणजे ती परस्परांना खाऊन टाकतात. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने लंबकासाठी हेच केले होते. पोलादाच्या कांबी लंबक खाली लांबवत, तर पितळेच्या कांबी तो तेवढाच वर उचलत. उन्हाळा असो की हिवाळा, लंबकाची लांबी तीच. पण त्याला दोन धातू लागले. बेअरिंगमध्ये ते एकाच धातूत साधते, निव्वळ आकाराच्या जोरावर.

त्यासाठी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग लागते. अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन यांनी घोडागाड्यांसाठी अशा बेअरिंगचे एकस्व १८९८ साली मिळवले. त्यात आतल्या कडीचा पृष्ठभाग शंकूच्या तुकड्यासारखा उतरता असतो. आता अशी दोन बेअरिंगे एका आसावर बसवा, त्यांच्या अरुंद बाजू एकमेकींकडे आणि रुंद बाजू बाहेर. दोन्ही उतार आसाच्या दिशेने मनातल्या मनात लांबवा. डावीकडचा शंकू उजवीकडे निमुळता होत जाईल, उजवीकडचा डावीकडे. डोळ्यांपुढे काय उभे राहते? डमरू!

समजा, दोन्ही शंकूंची टोके आसाच्या मध्यरेषेवर बरोबर एकाच बिंदूत मिळतात. आता आस तापला. तो सगळीकडून सारख्याच प्रमाणात मोठा होतो, म्हणजे छायाचित्र मोठे करावे तसा. डमरूच्या मधल्या बिंदूपासून पाहिले तर प्रत्येक कण त्या बिंदूपासून सरळ रेषेत थोडा दूर सरकतो. पण शंकूचा उतार तर त्या बिंदूतूनच निघणाऱ्या रेषांचा बनलेला! म्हणजे उतारावरचा प्रत्येक कण सरकतो तो उतारावरूनच. कण सरकले, पण उतार जिथल्या तिथेच. बाहेरच्या कडीला आस तापल्याचे कळतही नाही.

विश्वास बसत नाही? आकडे घालून पाहू. उताराचा आसाशी कोन १५ अंशांचा, त्याची स्पर्शज्या ०.२६८. आसाच्या मध्यरेषेपासून उतार ४० मिलिमीटर उंचीवर आहे. तर शंकूचे टोक ४० भागिले ०.२६८, म्हणजे १४९ मिलिमीटर दूर. आस घरापेक्षा २० अंश जास्त तापला. जाडीतली वाढ ४० मिलिमीटरला ९.६ मायक्रॉन. ही वाढ बेअरिंग आवळते. लांबीतली वाढ १४९ मिलिमीटरला ३५.८ मायक्रॉन. ही वाढ आतल्या कडीला बाहेर, रुंद बाजूकडे नेते, म्हणजे सैल करते. किती सैल? ३५.८ गुणिले ०.२६८, म्हणजे ९.६ मायक्रॉन. जेवढे आवळले तेवढेच सैल झाले. बाकी शून्य.

दोन बेअरिंगे यापेक्षा जवळ बसवली, तर शंकूंची टोके एकमेकांना ओलांडून जातात. मग जाडीची वाढ वरचढ ठरते आणि तापल्यावर बेअरिंगे आवळतात. दूर बसवली तर लांबीची वाढ वरचढ आणि बेअरिंगे सैल. आणि कोणी ती उलटी, म्हणजे रुंद बाजू एकमेकींकडे करून बसवली, तर जाडी आणि लांबी दोन्ही मिळून आवळतात. तशी जोडणी निषिद्ध नाही, पुष्कळ ठिकाणी ती सोयीची असते, पण मग थंडपणी हिशेबाने सैल ठेवावी लागते.

अर्थात कागदावरचा आस सगळीकडे सारखा तापतो, खरा तसा तापत नाही. पुढचे बेअरिंग मागच्यापेक्षा गरम असते, मध्येच पट्ट्याची चाकी असते. त्यामुळे बाकी अगदी शून्य कधीच येत नाही, फार लहान तेवढी येते. म्हणूनच नाजूक काम असेल तर जुना कारागीर सकाळी आल्या आल्या स्पिंडल रिकामा फिरवत ठेवतो, चहा घेतो आणि सगळे स्थिर तापमानाला आल्यावरच कामाला हात घालतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो.

आमच्या ब्लोअरची आणखी थोडी हकीकत राहिली. रिंगा काढल्यावर बेअरिंगे नीट चालली. पुढे वर्षभराने रंगाच्या वाफांनी आस गंजू लागला, म्हणून कारखान्याने तो स्टेनलेस स्टीलचा करवून घेतला. चौकट जुनीच, साध्या पोलादाची. तो मुलगा पुन्हा वर आला, पण या वेळी हातात पुडके नव्हते, कागद होता. "सर, नेहमीच्या स्टेनलेसचा आकडा मीटरला १७ मायक्रॉन आहे ना?" मी म्हटले, होय. त्याने आसासाठी ८५ अंश घेऊन १.१५६ मिलिमीटर काढले होते. नुसते ७५ अंशांनी गुणण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नव्हता, कारण आता आस आणि चौकट यांचे धातूच निराळे. चौकटीचे ०.०९६ त्याने वेगळे काढून वजा केले होते. उत्तर १.०६ मिलिमीटर.

"मोकळ्या बाजूचं बेअरिंग खाचेत मधोमध नाही बसवायचं, सर," तो म्हणाला. "थोडं आतल्या अंगाला ठेवतो. तापलं की सरकून बरोबर मध्ये येईल." आणि प्लमर ब्लॉकच्या झाकणावर खडूने त्याने बाणाची खूण केली आहे, आस कोणत्या बाजूला वाढतो ते दाखवणारी. पुढच्या खेपेला बेअरिंग बदलायला कोणी दुसराच आला तर त्याला कळावे म्हणून.